‘वयं रक्षामः’ : समुद्रावरील पहारा

घाटावरच्या माणसास समुद्र म्हटला की दोनच गोष्टी आठवतात : मुंबईस नातलगांकडे गेले असता संध्याकाळी चौपाटीवर घालविलेला तासभर, आणि ताटात पडणारे मीठ. आमच्या जिल्ह्याचा तर खाऱ्या पाण्याशी संबंधच नाही. गोदावरी, प्रवरा, सीना ह्या आमच्या नद्या सह्याद्रीकडे पाठ फिरवून पूर्वेस वाहतात. म्हणून भारतीय तटरक्षक दलासंबंधी चार शब्द लिहावयाचे मनात आणले, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, “गुरुजी, नगरच्या माणसास ह्याचे काय?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराचा आरंभ आमच्या गावाच्याच इतिहासात सापडतो.

२०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळेपर्यंत आमचा जिल्हा ज्या नावाने ओळखला जाई, त्या अहमदनगरच्या राज्यास समुद्रकिनारा होता. मलिक अहमदाने १४९० साली निजामशाहीची स्थापना केली, आणि चौलचे भरभराटीचे बंदर व दंडा-राजपुरीची खाडी ह्या राज्याच्या अमलाखाली आली. परंतु राज्य घोडदळाचे व तोफखान्याचे. दर्यावर नजर ठेवणारे स्वतःचे असे कोणी नाही. पोर्तुगीज प्रथम व्यापारी म्हणून आले, मग परवानगीने त्यांनी चौलास ठाणे बांधले, आणि त्या ठाण्याचा पुढे किल्ला झाला. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने त्यास वेढा घातला. जमिनीवर त्याचे सैन्य शत्रूच्या कितीतरी पट होते. तथापि गोव्याहून गलबतांतून कुमक व दाणागोटा येतच राहिला, आणि महिनेच्या महिने लढून शेवटी १५७१ साली शहास तह करावा लागला. तीन बाजूंनी वेढा आणि चौथी बाजू उघडी, असला तो प्रकार होता. पोर्तुगीज तर हिंदी महासागरात फिरणाऱ्या प्रत्येक गलबताने आपला ‘कार्ताझ’ नावाचा परवाना बाळगावा असा आग्रह धरीत. आपल्याच किनाऱ्यावरून आपलाच माल न्यावयाचा आणि परवाना मात्र फिरंग्याचा! पुढे कान्होजी आंगऱ्यांनी ह्याच न्यायाने परकीयांकडून स्वतःचे दस्तक मागावयास आरंभ केला, तेव्हा इंग्रजांनी त्यांस ‘चाचा’ ठरविले. कोणी परवाना मागितला की तो राजा आणि कोणी मागितला की तो चाचा, हे त्या काळी ज्याच्या तोफा दूर पोहोचत त्यावर ठरे.

आज हा निवाडा तोफेवर न सोडता कायद्यावर सोपविलेला आहे. संसदेने १९७६ साली सागरी क्षेत्रांसंबंधी कायदा केला, त्यातील विभागणी समजून घेतल्यावाचून तटरक्षक दलाचे काम उमगणार नाही. किनाऱ्यालगतच्या ठरावीक रेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी म्हणजे देशाची हद्दच. तेथे आपले सार्वभौमत्व चालते. चोविसाव्या मैलापर्यंत जकात, आरोग्य आदी नियम मोडणाऱ्यास अडविता येते. आणि दोनशे मैलांपर्यंत पाण्यातील मासळी व तळाखालील तेल-वायू ही संपत्ती आपली. परंतु तेथून शांतपणे जाणाऱ्या परक्या जहाजाचा रस्ता रोखण्याचा अधिकार आपला नाही. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. तेव्हा दोनशे मैल म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. मुंबईहून निघून नगरास यावे आणि तितक्याच वाटेचे निम्मे अंतर आणखी पुढे चालून जावे, इतका हा पट्टा रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटर भरते. देशाच्या भूमीच्या सुमारे तीन-पंचमांश! ह्या अफाट शेताला कुंपण घालता येत नाही, बांध घालता येत नाही, दगड रोवून हद्दही दाखविता येत नाही. राखण करावयाची ती फिरूनच.

ही राखण कोणी करावी हा प्रश्न सत्तरच्या दशकात ऐरणीवर आला. त्याची दोन कारणे होती. एक शुभ होते : १९७४ साली मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर, भर समुद्रात तेल सापडले, आणि ‘मुंबई हाय’च्या त्या लोखंडी मनोऱ्यांना रक्षणाची गरज उत्पन्न झाली. दुसरे कारण लाजिरवाणे होते, ते म्हणजे तस्करी. सोने, मनगटी घड्याळे, कृत्रिम धाग्याचे कापड, ट्रान्झिस्टर ह्यांनी भरलेले पडाव रात्री अरबी समुद्रातून येत आणि खाडीच्या तोंडाशी माल उतरवून उजाडण्यापूर्वी नाहीसे होत. त्या काळी आम्ही शाळकरी वयाचे होतो. लग्नकार्यात एखादा पाहुणा बाही मागे सारून ‘हे बाहेरचे घड्याळ बरे का’ असे कौतुकाने सांगे, आणि भोवतालची सुशिक्षित मंडळी त्याकडे आदराने पाहत. चोरीचा माल घरात येऊ नये म्हणून भांड्यांवर नावे घालणारी ही घरे! ते घड्याळ कोणत्या वाटेने आले हा प्रश्न त्या मांडवात कोणी विचारल्याचे आम्हांस आठवत नाही.

सरकारने १९७४ साली खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रुस्तमजी हे आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. सीमा सुरक्षा दल उभारून त्याचे पहिले प्रमुख झालेले. जमिनीची सरहद्द राखण्याचा अनुभव असलेल्या ह्या पोलीस अधिकाऱ्यासच पाण्याची सरहद्द कशी राखावी हे विचारण्यात आले. समितीने निराळे दल उभारण्याचा सल्ला दिला. नौदल असता निराळे दल कशास, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर असे की, नौदल हे युद्धाचे साधन होय. शेजारच्या देशातील एखादा कोळी मासळीमागे हद्द ओलांडून आला, तर त्याच्यासमोर क्षेपणास्त्रे लावलेली युद्धनौका उभी करणे म्हणजे वांगी चोरणाऱ्या पोरावर पलटण पाठविण्यासारखे आहे. त्यातून दोन राष्ट्रांत नसते वितुष्ट यावयाचे. शिवाय युद्धनौकेने रोज चोर धरीत बसावे तर तिने युद्धाचा सराव केव्हा करावा? सबब १ फेब्रुवारी १९७७ रोजी तात्पुरते दल सुरू झाले. नौदलाकडून घेतलेली दोन जुनी जहाजे आणि पाच गस्ती नौका एवढीच त्याची पुंजी. पुढील वर्षी संसदेने तटरक्षक अधिनियम संमत केला व १९ ऑगस्ट १९७८ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई ह्यांच्या हस्ते दलाचे रीतसर उद्घाटन झाले. आज त्याच्या ताफ्यात दीडशेच्या घरात जहाजे व नौका असून ते संरक्षण मंत्रालयाच्या अधीन आहे.

दलाचे ब्रीदवाक्य ‘वयं रक्षामः’ असे आहे. आयुष्यभर मुलांकडून धातुरूपावली घोकून घेतलेल्या माणसास हे वाचून थांबावेसे वाटले नाही तरच नवल. रक्ष् धातू, वर्तमानकाळ, उत्तम पुरुष, बहुवचन : आम्ही रक्षण करतो. परंतु ह्या शब्दामागे एक कथा आहे, आणि ब्रीद निवडताना ती कोणाच्या ध्यानी होती की नाही कोण जाणे. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात अगस्त्य ऋषी रामचंद्रांस सांगतात की, प्रजापतीने प्रथम जल निर्माण केले आणि त्या जलाच्या राखणीसाठी प्राणी उत्पन्न केले. भुकेने व तहानेने व्याकुळ झालेल्या त्या प्राण्यांतील काहींनी ‘आम्ही रक्षण करू’ असे म्हटले, ते राक्षस झाले. काहींनी ‘आम्ही यजन करू’ म्हटले, ते यक्ष झाले. म्हणजे पाण्याचा पहिला पहारेकरी तो राक्षस! राखणदाराच्या हाती सामर्थ्य देताना त्याला बांधून ठेवणारा नियमही द्यावा लागतो, हे आमच्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते.

तटरक्षक दलास हा नियम १९७८ च्या अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने घालून दिला आहे. समुद्रातील तेलविहिरी व कृत्रिम बेटे ह्यांचे रक्षण. कोळी बांधवांचे रक्षण व संकटात त्यांस साहाय्य. सागरी पर्यावरण राखणे व प्रदूषण आवरणे. तस्करी रोखण्याच्या कामी जकात खात्यास मदत. सागरी क्षेत्रात लागू असलेल्या कायद्यांची अंमलबजावणी. आणि समुद्रावरील जीवित-वित्ताचे रक्षण व शास्त्रीय माहितीचे संकलन, अशी ती कर्तव्ये आहेत. ह्यात शत्रूशी लढणे हे आरंभी लिहिलेले नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. युद्धप्रसंगी हे दल नौदलाच्या जोडीस उभे राहते. परंतु त्याचे नित्यकर्म निराळे.

त्या नित्यकर्मात बुडत्यास वाचविणे हे आमच्या मते सर्वांत थोर. दल स्थापन झाल्यापासून अकरा हजारांहून अधिक जीव त्याने वाचविले आहेत. मुंबई, चेन्नई व श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथे शोध व बचावाची मुख्य केंद्रे असून सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर समुद्राची जबाबदारी आंतरराष्ट्रीय व्यवस्थेने भारताकडे सोपविली आहे. म्हणजे आपल्या हद्दीबाहेर कोणत्याही देशाचे जहाज संकटात आले तरी हाक आपल्याकडेच येते. हाक आली म्हणजे काम मोठ्या हिशेबाचे असते. विहिरीत पडलेला माणूस पडला तेथेच सापडतो. समुद्रात पडलेला तासागणिक दूर जातो. शेवटचे ठिकाण कोणते, वारा कोणत्या दिशेचा, पाण्याचा ओघ किती वेगाचा, फुटलेली होडी वाऱ्याला किती अंग देते, ह्यांवरून तो आता कोठे असेल हे गणिताने काढावे लागते, आणि मग त्या तुकड्यावर विमानाने शेत नांगरावे तशा सरळ रेघा मारीत शोध घ्यावा लागतो. वर्गात बोट व प्रवाहाची उदाहरणे घातली की मुले विचारीत, हे कोठे उपयोगी पडते? हे येथे उपयोगी पडते. जवळपासच्या मालवाहू जहाजांनाही वाट वळवून मदतीस जाण्याची सूचना देण्यात येते, आणि समुद्राचा धर्म असा की बहुधा कोणी नाही म्हणत नाही. कोळ्यांच्या नौकांवर संकटसूचक यंत्र बसविलेले असते. त्याची कळ दाबताच उपग्रहामार्फत संदेश जातो. दूरध्वनीने कळवावयाचे तर १५५४ हा अंक लक्षात ठेवला म्हणजे पुरे.

वादळ येण्यापूर्वीचे काम वृत्तपत्रांत फारसे येत नाही. हवामान खात्याचा इशारा मिळाला की जहाजे व विमाने समुद्रभर फिरून बिनतारी यंत्रावरून नौकांना परत फिरावयास सांगतात. ‘आणखी एक जाळे टाकून येतो’ म्हणणाऱ्या तांडेलास वळविणे हे कौशल्याचे काम आहे. कर्ज काढून डिझेल भरलेल्या माणसास रिकाम्या होडीने परत जा म्हणणे सोपे नव्हे. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ वादळ गुजरातेकडे सरकत असता द्वारकेजवळच्या ओखा बंदरासमोरील एका तेलमनोऱ्यावर पन्नास माणसे अडकली होती. जहाज व हेलिकॉप्टर ह्यांच्या साहाय्याने दलाने पन्नासही जणांस सुखरूप आणले.

सगळ्याच वेळी असे होत नाही. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरनजीक ‘हरी लीला’ नावाच्या तेलवाहू जहाजावरील एका जखमी खलाश्यास आणावयास चौघांसह निघालेले दलाचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. एक जण वाचला; तिघे गेले. त्यांतील एकाचा देह सापडावयास महिन्याहून अधिक काळ लागला. ज्याच्यासाठी ते निघाले होते तो त्यांचा कोणी ओळखीचा नव्हता.

आता तेलाविषयी. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एम.एस.सी. चित्रा’ व ‘खलिजिया’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ एका अंगावर कलंडली. तिच्यावरील शेकडो पेटारे पाण्यात पडून वाहू लागले आणि काळे इंधन तेल उरण-अलिबागच्या बाजूस किनाऱ्याला व तिवरांच्या मुळांना जाऊन चिकटले. पेटाऱ्यांच्या भयाने मुंबई व न्हावा-शेवा ही बंदरे काही दिवस बंद पडली. तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी तवंगावर द्रव्य फवारले व जहाजांनी तो आवरला. तेलगळतीच्या प्रसंगी सर्व खात्यांना एकत्र आणून काम करवून घेण्याची जबाबदारी त्याच दलावर आहे. आपल्या घरी मासळी शिजत नाही, तेव्हा किनारा काळवंडला तर आपले काय जाते, असे कोणी म्हणेल. त्याने एवढेच पाहावे की नगर जिल्ह्याचा कांदा परदेशी जातो तो न्हावा-शेवा बंदरातून, आणि उरणच्या कारखान्यात ‘मुंबई हाय’च्या वायूपासून काढलेला गॅस ह्याच राज्यातील चुलींखाली जळतो. अलीकडे २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एम.एस.सी. एल्सा ३’ हे जहाज ६४० पेटाऱ्यांसह बुडाले. त्यावरील चोवीसही माणसे तटरक्षक दलाने व नौदलाने वाचविली. परंतु पेटाऱ्यांतून सुटलेले प्लॅस्टिकचे बारीक दाणे केरळच्या वाळूत मिसळले, ते वेचावे तरी कोणी व किती!

भगिनीवर्गास एक गोष्ट सांगावीशी वाटते. दलाने आपल्या गस्ती जहाजांस वीरांगनांची नावे देण्याचा परिपाठ ठेवला आहे. १९८७ साली दाखल झालेल्या दोन जहाजांपैकी एकाचे नाव ‘ताराबाई’ व दुसऱ्याचे ‘अहल्याबाई’. आमच्या जामखेड तालुक्यातील चौंडी गावी जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या नावाचे जहाज अरबी समुद्रावर पहारा करीत असे, हे जिल्ह्यातील किती घरांत ठाऊक असेल? ह्या दोन्ही जहाजांनी आपली सेवा पुरी केली आहे. त्यांतील ‘ताराबाई’ची एक हकीकत मात्र जगाच्या सागरी इतिहासात नोंदली गेली.

ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘अलोन्द्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज सुमात्रा बेटाहून सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन निघाले, ते चाच्यांनी पळविले. सतरा खलाश्यांना एका तराफ्यावर सोडून देण्यात आले. सुमारे दहा दिवस भरकटल्यावर थायलंडच्या कोळ्यांनी त्यांस वाचविले. इकडे चाच्यांनी जहाजास नवा रंग दिला, ‘मेगा रामा’ असे नवे नाव लिहिले आणि बेलीझ देशाचे निशाण लावून ते पश्चिमेस हाकारले. नोव्हेंबरात ते केरळच्या किनाऱ्यापासून दूर अंतरावर दिसले. ‘ताराबाई’ने पाठलाग धरला, थांबण्याच्या सूचना झाल्या, इशाऱ्याच्या गोळ्या झाल्या, जहाज थांबेना. पुढे नौदलाची ‘प्रहार’ येऊन मिळाली. चाच्यांनी जहाजास आग लावून ते बुडविण्याचाही यत्न केला. तथापि १६ नोव्हेंबर रोजी पंधराही जणांसह ते हाती लागले व ओढत मुंबईस आणण्यात आले. जगभर वाहवा झाली.

पुढची कथा न्यायालयातली आहे. जहाज परके, खलाशी परके, आरोपी इंडोनेशियाचे, गुन्हा दूरच्या समुद्रात घडलेला. आणि चाचेगिरीसंबंधी आपल्या देशात स्वतंत्र कायदाच नव्हता. सत्र न्यायालयाने २००३ साली त्यांस सात वर्षांची सक्तमजुरी दिली. २००५ साली उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. समुद्रावर जीव धोक्यात घालून धरलेला चोर किनाऱ्यावर आल्यावर सुटला, आणि त्यात न्यायालयाचा दोष काढता येणार नाही. नसलेल्या कायद्याने शिक्षा देणे हा न्याय नव्हे. खरी हळहळ ह्याची वाटते की, ही उणीव उघड झाल्यावरही सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संमत होण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

दुसरी उणीव ह्याहून भयंकर होती. १९९३ सालच्या आरंभी रायगड जिल्ह्यात दिघी व शेखाडी येथे स्फोटके उतरविण्यात आली, आणि १२ मार्च रोजी मुंबईत बारा ठिकाणी स्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसे मेली. ती स्फोटके आली ती जुन्या तस्करीच्या वाटेनेच. तीच खाडी, तीच रात्र, तीच माल उतरविणारी साखळी. जकात खात्यातील व पोलिसांतील काही जणांनी पैसे घेऊन डोळे मिटले होते, हे पुढे न्यायालयात सिद्ध होऊन त्यांस शिक्षा झाल्या. सोने आणि घड्याळे येऊ देण्यास सरावलेली वाट बाँब आला म्हणून आपोआप बंद होत नाही. उत्तरकांडातील त्या पहारेकऱ्यांची कथा येथे पुन्हा आठवते.

त्यानंतर नौदल, तटरक्षक दल, पोलीस व जकात खाते ह्यांची संयुक्त गस्त सुरू झाली. तरीही २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, भर समुद्रात बळकावलेल्या ‘कुबेर’ नावाच्या पोरबंदरच्या मासेमारी नौकेतून आलेले दहा जण कुलाब्याच्या कोळीवाड्याशी रबरी होडीतून उतरले. हजारो नौकांत ‘कुबेर’ वेगळी दिसावी तरी कशी? ह्या अनुभवानंतर २००९ साली प्रादेशिक समुद्राच्या सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे स्पष्टपणे देण्यात आली; किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राज्याचे सागरी पोलीस, आणि सर्वांवर एकंदर देखरेख नौदलाची. कोळ्यांस ओळखपत्रे मिळाली, ४६ ठिकाणी रडार उभे राहिले, नवी ठाणी झाली. महाराष्ट्रात डहाणू, मुरुड-जंजिरा व रत्नागिरी येथे दलाची ठाणी आहेत. जंजिऱ्याची ती खाडी एके काळी नगरच्याच निजामशाहीची होती, हे वर आलेच आहे. आणि रडारापेक्षाही कोळ्याचा डोळा अधिक कामाचा, असे आमचे मत आहे. अनोळखी होडी कोणती, तिचे जाळे कोरडे का, हे त्यास एका दृष्टिक्षेपात कळते. दलाचे अधिकारी कोळीवाड्यांत जाऊन सभा घेतात ते ह्याचसाठी.

राहिला प्रश्न आमच्या जिल्ह्यातील मुलांचा. नगरास लष्कराची परंपरा मोठी, रणगाड्यांचे शिक्षण येथेच. त्यामुळे सैन्यात जाणारी मुले पुष्कळ, पण ह्या दलाची चौकशी करणारा विद्यार्थी आम्हांस क्वचितच भेटला. नाविक (जनरल ड्युटी) ह्या पदास गणित व पदार्थविज्ञान घेऊन बारावी उत्तीर्ण असावे लागते, डोमेस्टिक ब्रँचमध्ये दहावी उत्तीर्ण चालतो, यांत्रिक पदास पदविका लागते. वय साधारणतः अठरा ते बावीस. नाविकांचे प्राथमिक शिक्षण ओडिशातील चिल्का येथे होते. पदवीधरांस अधिकारी होता येते व त्यांचे शिक्षण केरळातील एझिमला येथील नौदल अकादमीत. पाथर्डी-जामखेडकडची मुले उन्हाळ्यात विहिरीत सांगड बांधून पोहावयास शिकतात. पाण्याचे भय त्यांना नसते. गणितात ती मागे नाहीत. इंग्रजी मात्र लेखी परीक्षेत जड जाते, तेव्हा पालकांनी त्याची तयारी बारावीच्या सुट्टीची वाट न पाहता अकरावीतच सुरू करून द्यावी.